काडीएवढी फट

कार्प मासा पकडायचा तर आमिष गळात खुपसायचं नसतं, असं सांगितलं की लोक हसतात. मासे पकडायचं ज्ञान प्रत्येकाला जन्मतःच असतं ना! गळ घ्यायचा, गांडूळ ओवायचं, पाण्यात सोडायचं, झालं. तीही लग्न होऊन या घरात आली तेव्हा असंच समजत होती. सासरे फारसे बोलत नसत. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत दोन मजल्यांच्या मधल्या अंधारात उभं राहिलेला माणूस, त्याला बोलायची सवय कुठून असणार? घरात आलेल्या नव्या सुनेशी काय बोलावं हे त्यांना महिनोन् महिने सुचलं नाही. मग एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एक डबा उघडला आणि म्हणाले, "बस. तुला एक गंमत दाखवतो."

गळाच्या पाठीमागून एक बारीक दोरा लोंबत होता. बोटाच्या पेरापेक्षाही छोटा. त्याला ते 'केस' म्हणत.

"आमिष या केसावर ओवायचं," ते म्हणाले. "गळ मोकळा. टोक उघडं. मासा गोळी तोंडात ओढून घेतो, तिच्या मागोमाग गळ आपसूक आत जातो. मग त्याला वाटतं, काहीतरी टोचतंय. तो थुंकायला जातो आणि तिथेच अडकतो."

"म्हणजे खादाडपणानं नाही, शंकेखोरपणानं अडकतो?"

"अगदी!" सासरे एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरच्या खोलीतून नवरा काय झालं म्हणून बघायला आला. "आणि मी त्याच्यापासून काही लपवत नाही बरं का. गळ उघडा ठेवलाय. बघायचा असेल तर बघ बाबा."

गोळ्याही ते घरीच करत. पीठ, अंडी, दळलेला मका, कसलातरी गोड वास, असं सगळं मळून, वळून, उकळत्या पाण्यात टाकून काढायचं. सुपारीएवढ्या कडक गोळ्या. टोकाला छोटा आकडा असलेली सुई गोळीतून आरपार घालायची, आकड्यात केसाचा फास अडकवायचा आणि सुई मागे ओढायची, म्हणजे दोरा गोळीतून बाहेर येतो. मग फासात प्लास्टिकचा एक तुकडा अडसर म्हणून बसवायचा, की गोळी सुटत नाही. एवढंच. पण खरी मेख पुढे होती. गोळी आणि गळाची वळणदार पाठ यांच्यामध्ये फट राहिली पाहिजे. जास्त नाही, काडेपेटीतली काडी सरकेल एवढी. फट नसली तर गोळी गळाला चिकटते, टोकाच्या आड येते, आणि मासा गोळी चघळून आरामात थुंकून देतो. काही लागत नाही, काही अडकत नाही.

सासऱ्यांनी काडेपेटीतून एक काडी काढून तिच्या पहिल्या गळावर तपासली. काडी शिरेना. "पुन्हा," ते म्हणाले. दुसऱ्यातून काडी खाली पडली. "पुन्हा."

फटीचं तिला काही नवल नव्हतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचा आणि खालचा जबडा मिटवायचा, मध्ये पातळ कागद सरकवून बघायचा. कागद कुठे अडतो, कुठे निसटतो, यावर तिचा दिवस जाई. त्यामुळे चार-सहा शनिवारांतच तिचा हात बसला. सासरे काडी घालून बघत, मान हलवत, पुढचा गळ घेत. मग एक दिवस त्यांनी काडेपेटी उचलून शेगडीपाशी ठेवून दिली. "तुझं आता तपासायची गरज नाही," ते म्हणाले. माहेरून आल्यापासून या घरात तिला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती किती दिवस त्या एका वाक्यावर तरंगत होती.

पुढे सासऱ्यांचे हात कापायला लागले. बोटांच्या टोकांना स्पर्श कळेनासा झाला, डोळ्यांनी तर आधीच असहकार पुकारला होता. कवळ्यांच्या कामातून आलेली ती शनिवारी दुपारी टेबलाशी बसे आणि त्यांचे सगळे गळ बांधून ठेवी. रविवारी सकाळी ती त्यांना तळ्यावर घेऊन जाई. तळं म्हणजे शहराबाहेरची दगडाची जुनी खाण. खाण बंद पडली, पाणी साठलं, कुणीतरी मासे सोडले आणि दहा-बारा रिकामटेकड्यांची सोय झाली. मासा पकडायचा, खरचटू नये म्हणून ओल्या गादीवर ठेवायचा, गळ काढायचा, पुन्हा पाण्यात सोडायचा. शेजारीण विचारायची, "सोडूनच द्यायचा तर पकडता कशाला?" सासरे म्हणायचे, "तुम्ही आरशात बघता ते आरसा घरी न्यायला का?" शेजारीण त्यानंतर कधी बोलली नाही.

तर अशा त्या रविवारच्या सुखाला मागच्या हंगामात दृष्ट लागली. चांगला दांडगा मासा लागला होता, काठी कमानीसारखी वाकली होती, आणि सासरे मध्येच मटकन चिखलात बसले. चेहरा पांढराफटक. पण काठी सोडतील तर शपथ. शेजारच्या जागेवर बसणारे निवृत्त पोस्टमन धावले, त्यांनी मासा जाळीत घेतला, सोडला, आणि मगच सासरे म्हणाले, "छातीत दुखतंय." मग रुग्णवाहिका, छाती उघडून शस्त्रक्रिया, आणि घरच्यांचा जीव टांगणीला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, सध्या जड उचलायचं नाही, झटके बसू द्यायचे नाहीत. 'सध्या' हा शब्द घरी येईपर्यंत वाटेतच कुठेतरी सांडला, आणि तो शोधायला कुणी मागे गेलं नाही.

तिचा नवरा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपण थांबवली, पण पाय दुसऱ्याचा असतो. वर्षानुवर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे नवऱ्याचा स्वभावच तसा झाला होता. दवाखान्याच्या आवारात, त्याच गाडीत बसून, दोघांचं बोलणं झालं.

"मासे बंद," नवरा म्हणाला. "बंद म्हणजे बंद. काठ्या देऊन टाकू कुणालातरी."

"आणि ते घरी बसून काय करतील? भिंतीकडे बघत बसतील?"

"भिंतीकडे बघून कुणी मरत नाही."

"मरतात," ती म्हणाली. "फक्त वेळ लागतो."

नवऱ्याचा पाय उगाचच ब्रेकवर गेला. बापाचा चिखलातला चेहरा त्यानं बघितला नव्हता, पण रोज तो त्याच्या डोळ्यांपुढे यायचा. त्याचं चुकत होतं असं म्हणवत नाही.

तेव्हा तिलाच ती कल्पना सुचली. हे तिला पुढे कधीच विसरता आलं नाही. नवऱ्यानं सुचवलं असतं तर निदान अर्धं ओझं त्याच्या डोक्यावर टाकता आलं असतं.

"त्यांना तळ्यावर जाऊ दे," ती म्हणाली. "मासा लागणार नाही एवढं मी बघते."

"ते कसं?"

तिनं त्याला फट समजावून सांगितली. गोळी गळाला घट्ट भिडवून बांधायची. मासा येईल, चघळेल, काठीला लावलेली घंटी वाजेल, बाबा उठतील, काठी उचलतील, पण पलीकडे ओढायला कुणी नसेल. झटका नाही, ओढाताण नाही.

"त्यांना कळलं तर?"

"कसं कळणार? दिसत नाही, बोटांना लागत नाही. ओवतेही मीच आणि पाण्यातून आल्यावर हातात घेतेही मीच. तपासणं तर त्यांनी केव्हाच सोडलंय."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं ते अगदी कौतुकानं. "तू म्हणजे ना, कमाल आहेस," तो म्हणाला. आणि तिलाही स्वतःचं कौतुक वाटलं. खोटं कशाला बोला? चांगलं घसघशीत वाटलं. सापही मेला नाही आणि काठीही मोडली नाही, उलट साप आणि काठी दोघंही खूश, असं काहीतरी आपण साधलंय, या ऐटीत ती घरी आली.

उन्हं जरा कोवळी झाल्यावर रविवार पुन्हा सुरू झाले. सासऱ्यांना घडीच्या खुर्चीत बसवून, अंगावर शाल टाकून, तिनं दोन्ही काठ्या टेकूवर ठेवल्या. गोळ्या दूर पाण्यात बुडाल्या. सासऱ्यांनी थर्मासमधला चहा घेतला, पाण्याकडे बघितलं आणि एवढा मोठा श्वास घेतला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. यासाठीच तर केलं, ती मनाशी म्हणाली.

घंटी वाजली. सासरे शाल टाकून उठले, तरुण माणसासारखे उठले, आणि काठी उचलली. काठीचा नायलॉनचा तंगूस ढिला.

"सुटला," ते म्हणाले. पण हसत होते. "इतक्या दिवसांनी आलोय. हात गंजलाय जरा."

दुसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हाही सुटला. पुढच्या रविवारीही सुटला. पोस्टमनना त्या सकाळी दोन मासे मिळाले. पोस्टमन मनानं वाईट नव्हते, पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभं राहून त्यांना बोलायची खोड लागली होती. "लिफ्टवाले," ते ओरडले, "तुमची लिफ्ट मध्येच अडकते हो!" आसपासचे सगळे हसले. सासरेही हसले. तीही हसली, कारण न हसता बसणं तिला जमेना.

हळूहळू सासऱ्यांचं हसणं कमी झालं. त्यांनी आधी दोष काठीला दिला, मग तंगुसाला. नवीन तंगूस आणून रिळावर भरला. मग गोळ्यांचा वास बदलला. खुर्ची पाण्याच्या आणखी जवळ नेली, म्हणजे उठून काठीपर्यंत पोचायला कमी वेळ लागेल. शेवटी त्यांनी खुर्चीच सोडली आणि काठीशेजारी उभेच राहू लागले, एक हात काठीपासून वीतभर अंतरावर तसाच धरून. सबंध सकाळ. ती म्हणायची, "बाबा, बसा ना." ते म्हणायचे, "बसलो की उशीर होतो."

त्यांनी एका गोष्टीला मात्र कधी दोष दिला नाही. तिच्या बांधण्याला. गळ पाण्यातून आला की ते तिच्याकडे सोपवत आणि विचारत, "गोळी जागेवर आहे?" ती म्हणे, "आहे." "म्हणजे माझाच हात उशिरा पोचतो," ते म्हणत.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई तणतणत वर आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर रोज वरून पाणी पडत होतं म्हणे. तिनं गॅलरीचं दार उघडलं आणि दारातच थबकली. सासरे कठड्याशी उभे होते. हातात जुनी काठी. काठीच्या टोकाला दोरी बांधून खाली बादली लोंबत सोडलेली, अर्धी पाण्यानं भरलेली. ते डोळे मिटून उभे राहत, तोंडानं हळूच घंटीचा आवाज काढत आणि झटक्यानं काठी वर उचलत. बादली हिंदकळे. पाणी खाली चादरीवर.

"बाबा! काय करताय हे?"

"सराव," ते ओशाळून म्हणाले. लहान मूल साखर खाताना सापडावं तसे. "हात परत आणतोय. त्याला सांगू नकोस, आरडाओरडा करेल."

ज्या झटक्यापासून त्यांना वाचवायचं म्हणून एवढा उपद्व्याप केला, ते झटके ते रोज संध्याकाळी गॅलरीत स्वतःच्या हातानं घेत होते. तिनं बादली उतरवून घेतली, खालच्या बाईंची माफी मागितली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी पुन्हा घासत बसली.

नवऱ्याला तिनं सांगितलंच. तो घाबरला. "बघ! म्हणूनच मी म्हणत होतो बंद करू."

"मी सांगून टाकते त्यांना."

"काय सांगणार? की आम्ही दोघांनी तुम्हाला इतके दिवस बनवलं? छातीचं दुखणं परवडलं, हे त्यांना सोसायचं नाही. जरा थांब. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारू, मग बघू."

ती थांबली. आज विचाराल तर ती म्हणेल, सगळ्यांत मोठी चूक हीच. पण तेव्हा थांबण्यासारखं सोपं दुसरं काही नव्हतं.

बादली बंद झाली. त्यानंतर सासरे तळ्यावर जायचे, पण उभे राहायचे नाहीत. खुर्ची मागे झाडाखाली गेली. घंटी वाजली तर उठायचे, पण सावकाश, कुणी बोलावलं म्हणून निघावं तसे. पोस्टमननी थट्टा करायचं सोडलं. थट्टा चालली होती तोवर बरं होतं असं तिला वाटून गेलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी कागद बघितले, छातीला नळी लावली आणि खूश होऊन म्हणाले, "उत्तम. अहो, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे."

"डॉक्टर," नवरा घसा खाकरून म्हणाला, "ते मासे पकडतात. मोठा मासा लागला तर ओढताना..."

"मग पकडा की! कोण नको म्हणतंय? जखम भरेपर्यंत नको म्हटलं होतं, ती भरली केव्हाच. जरा हातपाय हलवले तर चांगलंच."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, तिनं जमिनीकडे. 'सध्या' संपून किती काळ लोटला होता! एकदा फोन करून विचारलं असतं तर. पण सावधपणाचं असं असतं, तो एकदा अंगात शिरला की कुणी विचारायला जात नाही.

सासरे शर्टाची बटणं लावत होते. बोटं अडखळत होती. "परवानगी उशिरा दिलीत डॉक्टर," ते म्हणाले. "हृदय राहिलं, हात गेला."

त्या शनिवारी ती दुपारी टेबलाशी बसली आणि डब्यातले सगळे जुने गळ बाहेर काढले. एकेक केस कात्रीनं कापला. आपल्या लबाडीची एक खूणही घरात राहू नये असा तिला ध्यास लागला होता. कापलेले दोरे, भिडलेल्या गोळ्या, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं कचऱ्यात टाकलं आणि कचरा खाली नेऊन आली. मग नवे केस बांधले. शेगडीपाशी जाऊन काडेपेटी आणली आणि प्रत्येक गोळी ओवल्यावर काडी सरकवून बघितली. काडी अलगद बसत होती. किती दिवसांनी तिला हलकं वाटलं! उद्या घंटी वाजेल, बाबा उठतील, काठी वाकेल, आणि झालं गेलं पाण्याला मिळेल. सांगायचीही गरज पडणार नाही. तिनं मनातल्या मनात त्यांचा चेहरासुद्धा बघून घेतला.

रविवारी सकाळी तळ्यावर धुकं होतं. ती काठ्या लावून आली. सासरे झाडाखाली खुर्चीत, शाल ओढून. पोस्टमन पलीकडे पाव खात बसले होते.

घंटी वाजली. नुसती किणकिण नाही, सारखी वाजतच राहिली, आणि रीळ गरगर फिरायला लागलं.

"बाबा!"

सासऱ्यांनी पाण्याकडे बघितलं. हलले नाहीत.

"बाबा, उठा! लागलाय!"

"सुटेल तो," ते शांतपणे म्हणाले. "मी पोचेपर्यंत सुटेल. जाऊ दे."

"नाही सुटणार! चला ना, उठा, मी सांगते ना!" तिनं त्यांचा दंड धरून ओढला. शाल खाली पडली. त्यांनी तिचा हात हळूच सोडवला.

"तू उचल."

काठी टेकूवरून घसरायला लागली. आता ती पाण्यात जाणार. पोस्टमन पाव टाकून ओरडले, "अहो कुणीतरी धरा!" आणि तिनं धरली. विचार केला नाही, धावत जाऊन धरली. पलीकडे एवढं जड, एवढं जिवंत काहीतरी होतं की तिचे खांदे पुढे खेचले गेले.

मग मात्र सासरे आले. काठी तिच्या हातातून घ्यायला नव्हे. ती "घ्या, घ्या ना बाबा" म्हणत राहिली, ते मान हलवत राहिले. "टोक वर धर. ओढू नकोस, त्याला पळू दे. आता फिरव. सावकाश." त्यांचा आवाज आनंदानं थरथरत होता. त्यांनी जाळी उचलली, गुडघाभर पाण्यात उतरले आणि मासा जाळीत घेतला. सोनेरी, पोटानं जाड, म्हाताऱ्या पितळी हंड्यासारखा मासा. ओल्या गादीवर तो तोंड उघडमीट करत पडला. सासऱ्यांनी कापऱ्या बोटांनी त्याचा ओठ चाचपला.

"खालच्या ओठाच्या मधोमध," ते म्हणाले. "असा लागायला हवा. बघा हो पोस्टमन, सुनेचा हात! घंटी वाजली आणि पोचली. हाच फरक. मी म्हणत नव्हतो?"

पोस्टमननी मान डोलावली. त्यांनी काय करावं? जे डोळ्यांनी दिसलं ते दिसलं. तेच गळ, तेच तळं, तीच गोळी. सासऱ्यांचे सगळे सुटले, सुनेचा पहिलाच लागला.

मासा पाण्यात गेला. सासरे बराच वेळ त्या जागेकडे बघत होते. मग त्यांनी दुसरी काठीही गुंडाळायला सुरुवात केली.

"बाबा, मला काहीतरी सांगायचंय." ती म्हणाली. "तुमचा हात नव्हता चुकत. मी फट ठेवतच नव्हते. मुद्दाम. गोळी गळाला भिडवून बांधत होते, मासा लागूच नये म्हणून. तुम्हाला झटका बसेल म्हणून. आजच नीट बांधलंय."

सासऱ्यांनी रीळ फिरवायचं थांबवलं. तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. ओरडावं त्यांनी, काठी फेकावी, पुन्हा माझ्या गळाला हात लावू नकोस म्हणावं. काहीही म्हणावं.

ते हसले. मायेनं, अगदी आतून.

"तू? दातांच्या मध्ये कागद घालून बघणारी तू फट विसरशील?"

"विसरले नाही, मुद्दाम केलं! तुमच्या मुलाला विचारा. आम्ही दोघांनी ठरवलं होतं."

"म्हणजे त्यालाही सामील करून घेतलंस." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोरी, माझं मन राखायला स्वतःच्या हाताला बट्टा लावून घेऊ नकोस. म्हातारा झालो, हात गेला. मला पचलंय ते."

ती डब्याकडे धावली. एक तरी जुना गळ, भिडलेल्या गोळीचा एक तरी. डब्यात सगळे कालचे होते. प्रत्येकाला काडीएवढी फट, एकीसारखी एक, सुबक. लबाडीची शेवटची खूणही तिनं स्वतःच्या कात्रीनं कापून, स्वतः खाली नेऊन टाकली होती. ती डबा उघडा धरून तिथेच चिखलात बसली आणि रडली. सासऱ्यांना वाटलं पहिल्या माशाचं रडू आहे. पहिल्या माशाला तेही रडले होते, असं ते पोस्टमनना सांगत होते.

घरी नवऱ्यानंही सांगितलं. बापाच्या पायाशी बसून, डोळ्यांत पाणी आणून, सगळं सांगितलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगली बायको मिळाली तुला. दोघं मिळून बापाला जपताय." पुढे एक शब्द त्यांनी ऐकून घेतला नाही.

रविवार चालूच राहिले. काठ्या आता तिच्या. घंटी वाजली की ती उठते, सासरे जाळी घेऊन मागे येतात. मासे लागतात. पोस्टमन तिला आता 'लिफ्टवाली' म्हणतात. सासरे दुःखी आहेत असंही नाही, खुर्चीत बसून ते येणाऱ्या जाणाऱ्याला सुनेचे पराक्रम सांगतात. पण काठीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ती दर वेळी पुढे करते, ते दर वेळी हात मागे घेतात.

शनिवारी दुपारी ती टेबलावर वर्तमानपत्र पसरते. सासरे समोर बसून गोळ्या वाडग्यात मोजून टाकतात. परवा तिनं पहिला गळ बांधून झाल्यावर उठून शेगडीजवळची काडेपेटी आणली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"बाबा, तपासून बघा ना. एकदा तरी."

त्यांनी पेटी उघडली, एक काडी काढली. ती गळ पुढे धरून बसली होती. त्यांनी त्या काडीनं सावकाश कान कोरला, काडी परत पेटीत ठेवली आणि पेटी तिच्याकडे सरकवली.

"तुझं काय तपासायचं!" ते म्हणाले. "घे, पुढचा बांध."